अब्बांच्या कॅसेट्स

७ ऑक्टोबर २०२० ची सकाळ. शाळा मार्चपासून बंद होत्या. स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून मी आठवीच्या मुलांना उर्दूचा पाठ शिकवीत असे. वर्गात चाळीस मुले, पण जोडली जायची अकरा-बारा. बाकीच्यांच्या घरी एकच मोबाईल, आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. ते दिवसच असे होते की जालना, औरंगाबाद, परभणी, कुठूनही नातेवाइकाचा फोन आला की उचलताना हात थरथरायचा. मशिदीच्या भोंग्यावरून मय्यतीचा ऐलान व्हायचा आणि जनाजाला मोजकीच माणसे जायची.

माझा भाचा तेव्हा आमच्याकडे बदनापूरला होता. पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. वसतिगृह बंद झाले तेव्हा तो आधी आपल्या गावी गेला, पण तिथे नेटवर्क मिळेना. आमचे घर जालना-औरंगाबाद रस्त्याला लागून आहे, इथे ते बरे मिळते. म्हणून आपाने त्याला नानीकडे पाठवून दिले. बरोबर कपड्यांची एक बॅग आणि काळ्या पिशवीतली एक गिटार. काळा टी-शर्ट, त्यावर कवटीचे चित्र, कानावर मोठाले हेडफोन. मोहल्ल्यातले बुजुर्ग मला विचारायचे, "मास्तर, ये बच्चा किस का है?" मी म्हणायचो, "आपा का है, इंजिनिअर हो रहा है." कवटीविषयी कोणी पुढे विचारू नये म्हणून इंजिनिअर हा शब्द मी जरा जोरात उच्चारायचो.

त्या सकाळी तो फजरला उठला नाही, नाश्त्यालाही आला नाही. पाठ संपवून मी खोलीत डोकावलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेला. डोळे सुजलेले.

"क्या हुआ?"

"मामू, एडी गुजर गया."

तोंडातून आपोआप इन्ना लिल्लाहि निघाले. वाटले, वर्गातला एखादा ख्रिस्ती मित्र असेल, कोरोनाने गेला असेल. विचारले, "तेरे कॉलेज का था?" तेव्हा कळले की एडी म्हणजे एडी व्हॅन हेलन. अमेरिकेतला गिटारवादक. वय ६५. कॅन्सरने गेला. आदल्या दिवशी तिकडे दुपार असताना बातमी फुटली, ती याला मध्यरात्री मोबाईलवर दिसली.

मला राग आला. खरे सांगायचे तर तो राग कित्येक दिवसांचा होता, बाहेर पडायला निमित्त मिळाले. मी म्हणालो, "मोहल्ल्यात रोज एक मय्यत उठते आहे. शेजारच्या चाचांना खांदा द्यायला माणसे मिळाली नाहीत. आणि तू सात समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसासाठी रडतोस? लाज वाटू दे."

तो काही बोलला नाही. बोलल्या त्या अम्मी. तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "तेरे अब्बा बी रोए थे. अजीज नाजां गया तब. तू छोटा था, तेरे कू याद नै."

मला याद होते. पण ते मी कुणाला कधी सांगितले नव्हते.

* * *

अजीज नाजां गेले ते ऑक्टोबर १९९२ मध्ये. मी पाच वर्षांचा होतो. अब्बा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका री-रोलिंग मिलमध्ये कामाला होते. जालना आज सळईसाठी देशभर ओळखले जाते. ती सळई तयार होताना ज्याने पाहिले आहे त्यालाच ते काम काय आहे ते कळेल. भट्टीतून लालभडक लोखंड निघते, ते रुळांच्या मधून दाबत दाबत नेतात, आणि ते सापासारखे पुढे धावते. बाजूला चिमटे घेऊन माणसे उभी असतात. आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचे तर हाताच्या खुणा कराव्या लागतात. अब्बा त्या आवाजात बावीस वर्षे राहिले. त्यांना उजव्या कानाने फार कमी ऐकू यायचे. आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात, त्याचे मूळ तिथे आहे.

त्या संध्याकाळी अब्बा एस.टी.तून उतरले, हातपाय धुतले आणि न जेवता टेपरेकॉर्डर घेऊन ओट्यावर बसले. हळूहळू त्यांचे मित्र जमले. एक हमाल, एक सायकल दुरुस्तीवाला, दोघे मिलमधलेच. कोणी काही बोलले नाही. अम्मींनी बिनदुधाचा चहा दिला. अब्बांनी एकामागून एक कॅसेट लावल्या. मी त्यांच्या मांडीला टेकून बसलो होतो. अंधारात त्यांच्या गालावरून काहीतरी ओघळले ते माझ्या हातावर पडले. बाप रडतो हे मला तोवर माहीत नव्हते.

आजच्या तरुण वाचकांना नाजांची ओळख करून द्यायला हवी. अजीज नाजां मुंबईचे, मलबारी मुस्लीम घराण्यातले. कव्वालीत आले ते इस्माईल आझाद यांच्या पार्टीतून. इस्माईल आझाद म्हणजे 'अल हिलाल' या १९५८ च्या चित्रपटातल्या कव्वालीने घराघरांत पोहोचलेले कव्वाल. पुढे नाजांनी स्वतःची पार्टी केली. १९७४ साली 'फाइव्ह रायफल्स' हा आय. एस. जोहर यांचा चित्रपट आला. त्यात कल्याणजी-आनंदजींनी नाजांच्या आवाजात 'झूम बराबर झूम' घेतले. चित्रपट लोक विसरले, ती कव्वाली मात्र लग्नाच्या वरातीत, ट्रकच्या केबिनमध्ये, गणपतीच्या मंडपात आणि उरुसाच्या मैदानात वाजत राहिली. तिचे शायर नाजां शोलापुरी. आणि दुसरी त्यांची तितकीच गाजलेली कव्वाली म्हणजे 'चढता सूरज'. माणसाच्या गर्वाची, दौलतीची, तारुण्याची अखेर काय होते हे सांगणारी. तिचे शायर कैसर रत्नागिरवी. एक सोलापूरचा, एक रत्नागिरीचा. उर्दू ही कुठल्या दूरच्या मुलखाची भाषा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही दोन तखल्लुस एकदा वाचावीत.

अब्बांनी शराबीची कव्वाली हजार वेळा ऐकली असेल, पण शराबीचा थेंब कधी ओठाला लावला नाही. बुजुर्ग टोमणा मारायचे तेव्हा ते हसून म्हणायचे, "ज्या गळ्यातून झूम निघाले त्याच गळ्यातून मौतही निघाली. दोन्ही ऐका, मग बोला."

ओट्यावरच्या त्या बैठकीनंतर दोन महिन्यांनी ६ डिसेंबर आला. त्यानंतर बरेच दिवस लोक संध्याकाळी घराबाहेर बसेनासे झाले. पुढे सगळे सुरळीत झाले, पण ओट्यावरची ती बैठक पुन्हा तशी भरली नाही. अब्बा घरातच ऐकू लागले. एकटे आणि मोठ्या आवाजात.

* * *

आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो.

औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, मी बी.एड. करून आलो आणि २०११ मध्ये उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलो. घरातला पहिला पदवीधर. मुलांचे पालक घरी येऊ लागले. हेडमास्तर एकदा चहाला आले तेव्हा आतल्या खोलीत टेप गडगडत होता. हेडमास्तर काही म्हणाले नाहीत. पण मी तो अर्धा तास कसा काढला ते मलाच ठाऊक.

त्या काळात माझे वाचनही एका बाजूचे चालले होते. संगीत जायज की नाजायज, यावर मी अब्बांशी वाद घालू लागलो. या प्रश्नावर उलेमांमध्ये शेकडो वर्षे मतभेद आहेत. चिश्ती बुजुर्गांनी समाअ ऐकला आहे आणि तितक्याच मोठ्या बुजुर्गांनी त्याला नाही म्हटले आहे. तो निवाडा मी करणार नाही. मी मुफ्ती नाही, मास्तर आहे. पण एक निवाडा मी आज करू शकतो, तो स्वतःचा. माझे खरे कारण दीन नव्हते. मला लाज वाटत होती. मिलमध्ये काम करणारा, बहिरट, लुंगी घालून मोठ्याने शराबीची कव्वाली ऐकणारा बाप मला माझ्या नव्या नोकरीला शोभेनासा झाला होता. ती लाज झाकायला मी दीनची चादर घेतली.

एका रविवारी अब्बा बाजाराला गेले असताना भंगारवाला आला. मी पलंगाखालचे खोके ओढून त्याला दिले. त्रेचाळीस कॅसेट्स होत्या. काहींवर अब्बांच्या हाताने उर्दूत लिहिलेली नावे. त्याने साठ रुपये दिले. अब्बा आल्यावर ते साठ रुपये मी त्यांच्या हातात ठेवले आणि सांगितले, जुन्या झाल्या होत्या, बुरशी लागली होती.

अब्बांनी पैसे पाहिले. म्हणाले, "अच्छा किया. जगह हो गई." मग असरला गेले आणि ते साठ रुपये मशिदीच्या पेटीत टाकून आले. हे मला दुसऱ्याच माणसाकडून कळले. त्या विषयावर ते पुन्हा एक शब्दही बोलले नाहीत. २०१४ च्या हिवाळ्यात ते गेले.

२०१७ मध्ये मधुर भांडारकरांच्या 'इंदू सरकार' चित्रपटात 'चढता सूरज' पुन्हा आली. या वेळी नाजांचे चिरंजीव मुज्तबा अजीज नाजां यांनी गायली. जालन्याच्या बसस्थानकावर एका टपरीवर मी ती ऐकली. बापाची चीज मुलाने जपली होती. मी तिथे उभा राहू शकलो नाही. चहा तसाच ठेवून बसमध्ये जाऊन बसलो.

* * *

तर अम्मींच्या त्या एका वाक्याने हे सगळे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दुपारी मी भाच्याजवळ जाऊन बसलो. म्हटले, "सांग मला. कोण होता हा एडी?"

तो आधी संशयाने पाहत राहिला. मग सांगू लागला, आणि सांगता सांगता उठून बसला.

एडीचा जन्म १९५५ चा, ॲमस्टरडॅमचा. बाप डच, वाजंत्री. आई मूळची इंडोनेशियातल्या जावाची, मिश्र वंशाची. १९६२ मध्ये हे कुटुंब थोडेसे पैसे आणि एक पियानो घेऊन अमेरिकेला गेले, कॅलिफोर्नियात पॅसाडेना गावी. बापाने साफसफाईची कामे केली, आईने लोकांची धुणीभांडी. पोरांना इंग्रजी येत नव्हते. त्या शाळेत तेव्हा वेगवेगळी वर्गवारी होती आणि भाषा येत नाही म्हणून या दोघा भावांना वेगळे काढले गेले होते. हे ऐकताना मी जरा सावरून बसलो. भाषेमुळे वेगळ्या बाकावर बसवलेली मुले हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे.

"मामू, त्याला नोटेशन वाचता येत नव्हते. पियानोच्या स्पर्धा त्याने नुसत्या कानाने जिंकल्या."

आधी तो ड्रम वाजवायचा आणि मोठा भाऊ ॲलेक्स गिटार. ड्रमचे हप्ते फेडायला एडी पहाटे वर्तमानपत्रे टाकायला जायचा. तेवढ्या वेळात ॲलेक्स त्याचाच ड्रम वाजवायचा, आणि तो एडीपेक्षा सरस वाजवू लागला. तेव्हा एडीने गिटार उचलली. दुकानातली गिटार मनासारखी वाजेना, म्हणून त्याने स्वतःच एक जोडली. एका ठिकाणाहून आणलेले पन्नास डॉलरचे लाकडी धड, ऐंशी डॉलरचा दांडा, दुसऱ्या जुन्या गिटारचे काढलेले भाग, आणि वरून सायकलचा रंग. त्या लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या गिटारला नाव पडले फ्रँकेनस्टाइन. ओट्यावर बसणाऱ्या त्या सायकल दुरुस्तीवाल्या चाचांना ही गोष्ट फार आवडली असती.

१९७८ मध्ये 'व्हॅन हेलन' बँडचा पहिला अल्बम आला. त्यात 'इरप्शन' नावाचा जेमतेम पावणेदोन मिनिटांचा नुसत्या गिटारीचा तुकडा आहे. भाच्याने हेडफोन माझ्या कानावर ठेवला. पहिल्यांदा मला नुसता गोंगाट वाटला. दुसऱ्यांदा ऐकताना त्याने आपली गिटार घेऊन दाखवले. उजव्या हाताने फक्त तार छेडायची, ही रीत. एडी उजव्या हाताची बोटेही दांड्यावर आणून तारा ठोकतो, त्यामुळे एकाच तारेतून धबधब्यासारखे सूर पडतात. हा प्रकार त्याच्या आधीही कुणी कुणी केला होता, पण जगभरच्या पोरांना तो शिकावासा वाटला तो एडीमुळे. आणि गंमत म्हणजे ही गिटार मी लहानपणीच ऐकलेली होती. मायकेल जॅक्सनच्या 'बीट इट'मध्ये मधोमध जी गिटार पेटते ती एडीची. त्या कामाचे त्याने पैसेही घेतले नव्हते. नोव्हेंबर १९९६ मध्ये मायकेल जॅक्सन मुंबईला आला तेव्हा जालन्याच्या कॅसेटच्या दुकानांतही तेच वाजत होते.

अम्मी दारात येऊन ऐकत होत्या. "ये कौनसा गाना बोलतें?"

"हेवी मेटल, नानी. मतलब भारी लोखंड."

"लोखंड का गाना?" अम्मी म्हणाल्या, "तेरे नाना जिंदगीभर वोच तो सुने."

भाचा हसला. मग त्याने एक गोष्ट सांगितली ती मला अजून विसरता येत नाही. या संगीताचा उगम धरतात तो ब्लॅक सॅबथ बँड इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचा, कारखान्यांच्या गावचा. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटे. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, तारा सैल केल्या आणि वाजवत राहिला. त्या सैल तारांतून जो जड, खोल आवाज निघाला त्यावर पुढचे सगळे उभे राहिले.

अम्मी हळूच म्हणाल्या, "मिल में कित्तों की उंगलियां गईं." आणि आत निघून गेल्या.

मला तेव्हा प्रथमच कळले की अब्बा एवढ्या मोठ्या आवाजात का ऐकायचे. एक तर कान गेलेला. आणि दिवसभर ज्या आवाजाने माणसाला दाबून टाकले, त्याच्या वरचढ असा एखादा आवाज त्याला घरी आल्यावर हवा असतो, ज्याचा मालक तो स्वतः असतो.

* * *

त्या रात्री इशानंतर भाचा गच्चीवर गेला. मोबाईलवर त्याचे मित्र जमले होते. एक नांदेडचा, एक कोल्हापूरचा, एक मुलगी नाशिकची. त्यांनी पाळीपाळीने एडीचे तुकडे वाजवले. कोणी चुकले तर कोणी हसले नाही. प्रत्येकाने सांगितले की आपण त्याला पहिल्यांदा कधी ऐकले. कोल्हापूरच्या मुलाने सायकलवर लाल-पांढरे पट्टे मारले होते म्हणून वडिलांचा मार खाल्ला होता. नाशिकची मुलगी एवढेच म्हणाली की, बारावीच्या वर्षी मला कुणाशी बोलावेसे वाटत नव्हते, तेव्हा हा बँड होता. तिकडे पॅसाडेनाला त्याच्या लहानपणीच्या घरासमोर लोकांनी फुले आणि मेणबत्त्या ठेवल्याचे फोटो त्यांनी एकमेकांना दाखवले.

मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. ओट्यावरची ती बैठकच होती. फक्त ओटा मोबाईलमध्ये गेला होता, आणि चहा नव्हता. मी खाली येऊन चहा केला आणि वर नेऊन ठेवला.

त्यांचे संपल्यावर भाचा म्हणाला, "मामू, नानांचे कव्वाल ऐकवा ना." मी सांगितले, कॅसेट्स नाहीत. का नाहीत, तेही सांगितले. साठ रुपयांसकट सगळे. त्याने मला काही म्हटले नाही. मोबाईलवर शोधून 'चढता सूरज' लावले. मध्येच थांबवून विचारले, "हे टाइपरायटरसारखे कोणते वाद्य वाजते, कव्वालीत नेहमी असते ते?" म्हटले, बेंजो, बुलबुलतरंग. जपानच्या ताइशोगोतोपासून आलेले. खाली तारा, वर बटणे, आणि लाऊडस्पीकरला जोडले की उरुसाचे अख्खे मैदान भरून टाकते. तो म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे इलेक्ट्रिक गिटार होतीच की."

अम्मी जिना चढून वर आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या गच्चीवर कधी येत नाहीत. भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "आवाज जरा बढ़ा बेटा. तेरे नाना कू कम सुनाई देता."

आम्ही दोघांनीही त्यांना दुरुस्त केले नाही. भाच्याने आवाज वाढवला.

* * *

पुढच्या महिन्यात दूल्हेभाईंचा फोन आला. "तुम्ही मास्तर आहात, तुमचे ऐकेल. ती गिटार विकून टाकायला सांगा. कॅम्पस जवळ आला आहे." पूर्वी असा फोन आला असता तर मी मोठ्या आवडीने उपदेश केला असता. त्या दिवशी म्हणालो, "भाईजान, अभ्यासाचे मी बघतो. गिटार राहू द्या. तुमच्या घरी अडचण असेल तर माझ्याकडे ठेवतो. पलंगाखाली जागा आहे."

भाच्याला नोकरी लागून आता तीन वर्षे झाली. गिटार त्याच्याकडेच आहे. अब्बांच्या कॅसेट्स मात्र परत आल्या नाहीत. जालन्याच्या भंगार बाजारात मी दोनदा जाऊन विचारले. लोक हसतात. कॅसेटचे प्लॅस्टिक केव्हाच वितळून गेले असेल म्हणतात. कव्वाल्या सगळ्या मोबाईलवर मिळतात, पण अब्बांच्या हातची ती उर्दू अक्षरे कुठेच मिळत नाहीत.

शाळेत मुले दप्तरात काय काय लपवून आणतात. कुणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर रॅपरचे चित्र असते, कुणाच्या बाहीवर पेनाने बँडचे नाव. पूर्वी मी पान फाडायचो. आता विचारतो, "कौन है ये? क्या गाता है?" मुले आधी घाबरतात, मग सांगू लागतात.

दर ऑक्टोबरात भाच्याचा फोन येतो. सहा तारखेला तो एडीचे सांगतो. मग विचारतो, "मामू, नाजां लावले का?" मी हो म्हणतो. अम्मी पलंगावरून विचारतात, किसका फोन है. मी मोबाईल त्यांच्या कानाला लावतो आणि आवाज वाढवतो.